नवलाचा नियम

आमच्या संस्थेत डॉक्टर व्हायचं तर बुवाला खोटं पाडावं लागायचं. दुसरा रस्ता नव्हता.

बुवा म्हणजे कुणी माणूस नव्हे. संस्थेच्या माहितीपत्रकात त्याचं नाव 'आर्थिक पूर्वानुमान प्रणाली' असं भारदस्त छापलेलं होतं. पण विचाराल ते भविष्य सांगतो म्हणून आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी त्याचं बारसं कधीच उरकलं होतं. कऱ्हाडच्या बाहेर, कोयनेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची इमारत आणि तिच्या तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत बुवाचं बिऱ्हाड. त्याच्या पोटात बाहुल्या होत्या. राज्यातल्या प्रत्येक घराची एक. नाव नाही, पत्ता नाही, सवयी मात्र सगळ्या. कुठल्या महिन्यात किराणा उधारीवर आणतात, पगार झाल्यावर आधी काय घेतात, शेजाऱ्याने फ्रिज घेतला की यांचा जीव किती खालीवर होतो. लाखो घरांच्या वर्षानुवर्षांच्या व्यवहारांतून या बाहुल्या घडवल्या होत्या. तुम्ही प्रश्न टाकला की त्या सगळ्या ते वर्ष हजारो वेळा जगून घ्यायच्या, आणि कॅंटीनमधला तुमचा चहा संपायच्या आत उत्तर पडद्यावर. ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

यातून पीएचडीवाल्यांची मोठी पंचाईत झाली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आधी दोन वर्षं कोर्सवर्क करणार, मग एक प्रश्न धरून तीन-चार वर्षं गावोगाव फिरून आकडे गोळा करणार, आणि शेवटी सांगणार काय, तर बुवाने चहा पिता पिता सांगितलेलं. मग पदवी कशाबद्दल द्यायची? तेव्हाच्या संचालकांनी बराच विचार करून एक नियम केला. विद्यार्थ्याने प्रश्न मांडायचा, बुवाने सगळ्यांदेखत भाकीत करायचं, आणि प्रबंधाचा निष्कर्ष त्या भाकितापेक्षा वेगळा आला तरच पदवी. ज्ञान म्हणजे जे ऐकून नवल वाटतं ते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हा नवलाचा नियम. ऐकायला छान होता. मलाही पहिल्या दिवशी तो ऐकून भरून आलं होतं.

मी ईश्वरी धायगुडे, फलटणची. घरी पिठाची गिरणी. अर्थशास्त्रात पीएचडी करते म्हटल्यावर आईने गल्लीत मला आधीच डॉक्टर करून टाकलं होतं, आणि सुट्टीत घरी गेले की शेजारच्या काकू ब्लडप्रेशरच्या गोळ्या दाखवायला यायच्या.

पहिलं वर्ष तीन पेपरांचं. त्या वर्षी आमच्यातले निम्मे रडले आणि बाकीच्यांनी रडलो नाही असं सांगितलं. वर्षाअखेरीची सर्वसमावेशक परीक्षा नापास झालात तर एक संधी आणखी, मग सामान बांधायचं. दुसऱ्या वर्षापासून बुधवारची सभा. प्रत्येकाने पाळीपाळीने उभं राहून आपलं काम सांगायचं आणि बाकीच्यांनी ते सांगू द्यायचं नाही, असा तिचा रिवाज. चंद्रपूरचा तन्मय गेडाम पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा 'नमस्कार' म्हणाला आणि त्यावरच त्याला दोघांनी शंका विचारल्या. खाली येऊन माझ्या शेजारी बसत तो म्हणाला, "हे लोक लग्नात मंगलाष्टकं कशी पुरी होऊ देत असतील बे?" त्या दिवसापासून आमची गट्टी.

गाइड ठरवण्याचीही आमची खास पद्धत. विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांचा पसंतीक्रम द्यायचा, प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांचा, आणि दोन्ही जुळवून जोड्या लागायच्या. या पद्धतीत मनातला खरा क्रम लिहिण्यातच विद्यार्थ्याचा फायदा असतो, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पेपरात स्वतः सिद्ध करून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. तरी आमच्या अख्ख्या वर्गाने हुशारी केली. मुजावर मॅडम सगळ्यांनाच हव्या होत्या; त्या आपल्याला कुठल्या मिळायला, असं धरून प्रत्येकाने त्यांना तिसऱ्या-चौथ्या नंबरवर टाकलं. मी वेंधळी, खरं तेच लिहिलं. मॅडम मला मिळाल्या.

डॉ. शबाना मुजावर मिरजेच्या. नवलाच्या नियमाखाली डॉक्टर झालेल्या पहिल्या, आणि आता आमच्या पीएचडी कार्यक्रमाच्या प्रमुख. त्यांचा प्रबंध भिशीवर होता. मोबाइलवर बचत करायची सोय झाली की बायकांच्या भिशा बंद पडतील, असं बुवा म्हणाला होता; मॅडमनी शेकडो भिशा पाहून दाखवलं की त्या उलट वाढतात. बुवाला हरवणारी पहिली व्यक्ती म्हणून तेव्हा त्यांचा मोठा गाजावाजा झाला होता. पण मॅडममध्ये ताठा नावाला नव्हता. विद्यार्थी आजारी पडला तर त्या होस्टेलवर डबा घेऊन यायच्या, आणि चुकीचं समीकरण दिसलं तर डबा खाऊ घालतानाच झापायच्या.

माझा प्रश्न बेदाण्याचा होता. तासगावला बेदाण्याचे सौदे होतात. शेतकरी माल कोल्ड स्टोरेजला ठेवतो आणि आज काढायचा की थांबायचं ते ठरवतो. आता त्याला मोबाइलवर पुढच्या आठवड्यातल्या भावाचा पक्का अंदाज मिळू लागला, तर त्याच्या पदरात जास्त पैसे पडतील का? मला वाटत होतं, पडतील. सौद्यात शेतकरी अंधारात असतो, हे मी तासगावच्या मामाबरोबर लहानपणापासून पाहिलं होतं.

प्रश्न मांडायच्या दिवशी सगळा विभाग तळमजल्यावर जमला. पडद्यावर उत्तर उमटलं: फरक पडणार नाही. तोच अंदाज व्यापाऱ्यालाही दिसणार, मग दोघंही सावध.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता पाड याला खोटं."

पडद्याच्या उजव्या बाजूला एक पट्टी काळी होती. ते काय, असं मी विचारलं. तिथे पूर्वी बुवाचं दुसरं भाकीत यायचं, मॅडमनी सांगितलं. बाहेर काय घडेल हे पहिलं. विद्यार्थी प्रबंधात काय लिहील हे दुसरं. बुवाने आमच्याही बाहुल्या केल्या होत्या म्हणे. सुरुवातीला दोन्ही भाकितं सारखी यायची. मग नवलाचा नियम आला, आणि दुसरं भाकीत पहिल्याच्या उलट यायला लागलं, दर वेळी. एकाच तोंडाने 'फरक पडणार नाही' आणि 'पडेल' असं दोन्ही. तंत्रज्ञ म्हणाले, बिघाड आहे. दुरुस्त काही झाला नाही, म्हणून मॅडम प्रमुख झाल्यावर त्यांनी ती पट्टी पडद्यावरून काढून टाकली.

"बुवाचं वय झालं असेल," तन्मय म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतरची तीन वर्षं मी बेदाण्यात घालवली. तासगावचे आकडे आधी हाती आले. अंदाज मिळालेल्या आणि न मिळालेल्या शेतकऱ्यांच्या भावात फरक नाही. मी खचले नाही, सांगलीचे जोडले. फरक नाही. लहान शेतकरी वेगळे काढले, फरक नाही. हलक्या प्रतीचा माल वगळला, नाही. बुधवारच्या सभेत लोक मला शंका विचारायचेही थांबले, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ वाईट असतो. बारामतीच्या कॉलेजात माझी निवड झाली होती, पण पदवी हातात आल्यावरच रुजू करून घेणार होते. फोनवर आई रोज एकच विचारायची, "झालं का गं तुझं?" आणि मी रोज म्हणायचे, "होतंय."

मग सोलापूरकडचे आकडे आले. ते घालून पाहिलं आणि फरक दिसला. लहानसा, पण पक्का; सगळ्या चाचण्यांमधून सुखरूप बाहेर पडलेला. मी खुर्चीवरून उठून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले, दुसरं काही सुचेना. मॅडमनी आकडे दोनदा तपासले, चष्मा काढला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईने फलटणला पेढे वाटले. प्रबंध लिहून झाला, व्हायवाची तारीख ठरली.

आणि मग विजापूर आलं.

तिथल्या बाजारात बेदाण्याचा मोठा सौदा होतो. तिकडचे आकडे मी फार पूर्वी मागितले होते. ते कानडीत, निराळ्या पद्धतीने ठेवलेले. येता येता इतका उशीर झाला की मी त्यांची वाट पाहणंही सोडून दिलं होतं. एका दुपारी ते संगणकावर येऊन पडले. कॅंटीनमध्ये तन्मयला सांगितलं.

"उघडू नको," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? थिसिस झाली, बाइंडिंग झालं. मामला मिटला. कायले उकरून राहिली?"

"तुझ्या वेळी असं काही आलं होतं का रे, शेवटी?" तन्मय आदल्या वर्षीच डॉक्टर झाला होता, आणि संस्थेतच शिकवत होता.

"नाही. मले बुलडाण्यात फरक दिसला, मी थांबलो."

"बुलडाण्याच्या आधी?"

"आधी कुठं दिसत होता? तीन जिल्हे कोरडे गेले ना." हे म्हणून त्याने भजं उचललं, आणि ते तसंच परत ठेवलं.

मी आणखी दोघातिघांना सहज म्हणून विचारलं, तुम्ही कुठे थांबलात. सगळ्यांचं एकच. फरक दिसला तिथे. कुणी आकडा बदलला नव्हता, कुणी काही लपवलं नव्हतं. बुवाशी जमत होतं तोवर प्रत्येक जण पुढे खणत राहिला होता, आणि बुवाशी बिनसल्याबरोबर प्रत्येकाने फावडं खाली ठेवलं होतं. आणखी खणलं असतं तर काय निघालं असतं, हे बघायला कुणी उरलंच नव्हतं. कुणाला दोष द्यावा? सगळी आपली भली माणसं. अख्खं पहिलं वर्ष आम्ही हेच शिकतो, की माणसाला ज्याचं बक्षीस द्याल ते तो आणून देतो. आणि ते शिकवणाऱ्यांनीच बुवा चुकण्यावर बक्षीस लावलं होतं.

मी विजापूर उघडलं. सगळं एकत्र केल्यावर फरक नाहीसा झाला. बुवा पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

मला रडू आलं, हे सांगायला लाजत नाही. सहा वर्षं गेली होती. वाईट याचं वाटलं की मी आता फलटणला जाऊन आईला काय सांगणार? माझं उत्तर बरोबर आलं म्हणून मी नापास झाले? गिरणीत दळायला आलेल्या बायकांना ती हे कसं समजावणार होती?

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि आकडे पुढे ठेवले. त्यांनी सावकाश वाचले.

"विजापूरचा बाजार वेगळा आहे, ईश्वरी," त्या म्हणाल्या. "राज्य वेगळं, व्यापारी वेगळे. एक परिच्छेद लिहून तो बाहेर ठेवता येईल. ते चूक ठरणार नाही, कुणीही परीक्षक मान्य करेल."

"मॅडम, सोलापूरचा बाजारही वेगळाच होता. तो आपण आत घेतला."

खिडकीबाहेर माळी पाइप ओढत होता, मॅडम तिकडे बघत राहिल्या.

"विजापूर घालून तू व्हायवाला उभी राहिलीस तर मला तुला पदवी देता येणार नाही. माझ्या हातात नाही ते. नियम मी वाकवला तर उद्या माझ्यापुढे कोण सरळ उभा राहील?"

"माहितेय मला."

"मग का?"

"मामाला काय सांगू?" मी म्हटलं. "तो विचारणार, अंदाज बघून माल थांबवू का? मी डॉक्टर होऊन त्याला थांब म्हणू?"

मॅडमनी आकडे परत माझ्याकडे सरकवले. "जा," त्या म्हणाल्या. "घालून टाक." आवाज इतका हळू होता की रागावल्या की काय, असंच मला वाटलं. दाराशी गेल्यावर त्यांनी मागून विचारलं, "तुझ्या आईची भिशी होती ना? चालू आहे?"

"बंद पडली, मॅडम. आता सगळ्या मोबाइलवरच टाकतात."

"हं," त्या म्हणाल्या.

व्हायवा आमच्याकडे खुली असते. वरच्या हॉलमध्ये सगळे जमले. समितीत तिघं: मॅडम, नवे संचालक आणि बाहेरचे परीक्षक म्हणून धुळ्याचे प्रा. लळिंगकर. मी उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, "माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष असा, की यंत्राचं भाकीत बरोबर होतं." बुधवारच्या सभेत माणसाला वाक्य पुरं करू न देणारे ते सगळे लोक, एकानेही मध्ये तोंड घातलं नाही. मी तासगावपासून विजापूरपर्यंत सगळं सांगितलं. कुठे थांबावंसं वाटलं होतं तेही सांगितलं, आणि का, तेही. तन्मय शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

मग रिवाजाप्रमाणे मला बाहेर पाठवलं. हॉलबाहेर एक लाकडी बाक आहे. उमेदवाराने त्यावर बसायचं आणि आतल्या लोकांनी ठरवायचं. पास झालात तर गाइड स्वतः दार उघडून म्हणतात, "या, डॉक्टर." नापास असाल तर ऑफिसातलं कुणीतरी येऊन नुसतं नावाने आत बोलावतं. मी ऑफिसच्या दाराकडे तोंड करून बसले होते. तिकडूनच कुणीतरी येणार होतं.

बराच वेळ झाला. आत आवाज चढले, मग उतरले. संचालकांचा "अहो पण मॅडम" एवढाच सूर कानावर पडत होता. शेवटी हॉलचं दार उघडलं आणि मुजावर मॅडम बाहेर आल्या. माझ्या शेजारी बाकावर बसल्या. हे रिवाजात नव्हतं. इतकी वर्षं रोज पाहिलेला त्यांचा चेहरा मला त्या दिवशी फार दमलेला वाटला, आणि फार आपला वाटला.

"ती काळी पट्टी इथल्या पडद्यावर उघडायला लावली मी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. बुवाने दुसरं भाकीत करणं कधी थांबवलंच नव्हतं. फक्त आम्ही बघत नव्हतो."

"बिघाड होता ना तो?"

"तसं म्हणणं सोयीचं होतं. बाहेर फरक पडणार नाही आणि विद्यार्थी लिहील की पडतो: दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे तुमच्यासारख्यांना शिकवणाऱ्या बाईला कळू नये? बुवाने आमच्या बाहुल्या बरोबर केल्या होत्या, ईश्वरी. कोण कुठल्या जिल्ह्यापाशी थांबेल, तेसुद्धा. नियम आल्यापासूनच्या सगळ्या प्रबंधांबद्दल त्याने सांगितलं होतं की हा वेगळं लिहील, ही वेगळं लिहील. एकदाही चुकला नाही. तुझ्याबद्दलही तेच सांगितलं होतं. 'सोलापूरनंतर थांबेल,' असं."

मी बाकावर त्यांच्याकडे वळून बसले.

"लळिंगकर सर म्हणाले, नियम म्हणजे नियम, निष्कर्ष भाकिताशी जुळलाय, पदवी नाही. मी म्हटलं, नियम नवलाचा आहे. या खोलीत इतक्या वर्षांत बुवाला नवल वाटावं असं एकच माणूस उभं राहिलं. तिला नाही म्हणायचं असेल तर मग आम्हा सगळ्यांना कशाबद्दल हो म्हटलं होतं, ते आधी सांगा." त्या जराशा हसल्या. "सर चांगले आहेत. पाणी प्यायले आणि म्हणाले, लिहा पास."

"आणि त्या पट्टीत… तुमच्याही प्रबंधाबद्दल होतं?"

"नियमानंतरची पहिलीच ओळ माझी. 'भिशा बंद पडतील. विद्यार्थिनी लिहील की पडत नाहीत.' मी तेव्हा पाहिली होती ती, तरुण होते, हसले होते. पुढे प्रमुख झाल्यावर पट्टी बंद केली तेव्हा मला इतकं हलकं का वाटलं, हे स्वतःला कधी विचारलं नाही." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "माझ्या आईचीही भिशी बंद पडलीय. मिरजेत आमच्या गल्लीत आता एकही नाही. दर ईदला घरी जाते, मला दिसत नव्हतं का?"

मी त्यांचा हात हातात घेतला. एरवी माझी तेवढी छाती झाली नसती.

"सगळे प्रबंध पुन्हा तपासायचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "पहिला माझा. मीच मागून घेतला. तो टिकला नाही तर माझी पदवी परत करीन, असं लिहून दिलंय."

"मॅडम…"

"गप. हे काम कुणाकडे द्यायचं, म्हणून विचारलं त्यांनी. आत बसलेल्यांपैकी कुणाचंही नाव घ्यायची सोय नव्हती. सगळे माझ्यासारखेच."

त्या उठल्या, साडी सारखी केली, आणि हॉलच्या दाराशी जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या, डॉक्टर धायगुडे." मग दार धरून उभ्या राहिल्या. मी जवळून आत जाताना फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "मिरजेपासून सुरू कर. आणि माझ्यासाठी कुठे थांबू नकोस."